सर्वानुमते मंजूर

ओझरहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघालेला प्रवासी पिंपळगाव, चांदवड, मालेगाव मागे टाकून धुळ्यास पोहोचतो. आणि तेथल्या विशेष न्यायालयात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी जळगावच्या घरकुल प्रकरणाचा जो निकाल लागला, त्याची आठवण या वाटेवर मला हटकून होते. एका पालिकेच्या कारभारापायी ४८ जण एकाच दिवशी दोषी ठरले. त्यांत बहुसंख्य माजी नगरसेवक होते, आणि अग्रभागी होते सुरेश जैन.

अवघे जळगाव ज्यांना 'सुरेशदादा' म्हणे, ते १९८० पासून तीन दशकांहून अधिक काळ त्या शहराचे आमदार होते, मंत्रीही झाले. काँग्रेस, शिवसेना, राष्ट्रवादी आणि पुन्हा शिवसेना असे पक्षांतर त्यांनी केले, पण प्रत्येक वेळी मतदारांनी पक्षाकडे न पाहता दादांकडेच पाहिले. नगरपालिकेची सतरा मजली इमारत ज्या गावात उभी राहते, त्या गावाला आपल्या पुढाऱ्याचा अभिमान वाटल्यास नवल नाही. आणि दादांच्या हौसेत गावाची हौस मिसळलेली होती, हे मान्य केल्यावाचून त्यांचा उत्कर्ष समजणार नाही. कृतज्ञ माणूस हिशेब विचारत नाही. विचारणे त्याला असभ्यपणाचे वाटते.

नव्वदीच्या दशकात पालिकेने गोरगरिबांसाठी सुमारे अकरा हजार घरकुले बांधण्याचे योजिले, मक्ता खानदेश बिल्डर्स या संस्थेस दिला, आणि प्रत्यक्षात पुरी झाली ती सुमारे दीड हजार. पालिका २००३ मध्ये महापालिका झाली. पुढे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी दप्तर तपासून फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दाखल केली, तेव्हा अपहाराचा आकडा सुमारे २९ कोटी रुपयांचा निघाला. रक्कम मोठी खरीच. परंतु मला अस्वस्थ करतो तो त्या रकमेमागचा व्यवहार. तिजोरी फोडून चोरी करणारा रात्रीची वाट पाहतो. येथे मात्र जे घडले ते दिवसाढवळ्या, विषयपत्रिकेवर अनुक्रमांक घालून, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात नोंदले गेले. 'सर्वानुमते मंजूर' या दोन शब्दांत लोकशाहीचे केवढे सामर्थ्य आहे, आणि सभागृहातील कोणालाही प्रश्न विचारण्याची गरज वाटेनाशी झाली की तेच शब्द किती पोकळ होतात! ज्यांनी केवळ हात वर केले, त्यांनाही न्यायासनापुढे उभे राहावे लागले. 'दादांनी सांगितले' हा बचाव तेथे चालला नाही.

या फिर्यादीच्या आधीच अण्णा हजारे यांच्या तक्रारींवरून नेमलेल्या न्यायमूर्ती सावंत आयोगाने २००५ मध्ये जैन यांच्यावर ठपका ठेवला होता. तो काही आकाशातून पडला नव्हता, तरीही २००९ मध्ये जळगावकरांनी दादांनाच निवडून दिले. मार्च २०१२ मध्ये अटक झाली. २०१४ ची निवडणूक त्यांनी कारागृहातून लढविली आणि ती मात्र हरले. शिक्षा झाली सात वर्षांची, दंड शंभर कोटींचा. पुढे अपिले झाली, जामीनही मिळाला. त्या कायदेशीर वळणांत मी येथे शिरत नाही.

माझ्या गावाची गोष्ट निराळी, आणि फार लहान. वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नसे, म्हणून बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या खटपटीने १९९० च्या सुमारास ओझरच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या, आणि पाणी मोजून घेऊन मोजूनच वाटले. मोजणी सर्वांसमक्ष होई, यातच सारे आले. शेजाऱ्याच्या पाळीवर डोळा ठेवणारा शेतकरी लेखापरीक्षकाहून कडक असतो. त्या संस्थांचे सभासद एकमेकांविषयी कृतज्ञ नव्हते, संशयी होते. आणि तो संशय निरोगी होता.

आता ओझरची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली आहे. विमान कारखान्यामुळे वाढलेल्या या गावाला शहराचा दर्जा मिळाला, याचा आनंद मलाही आहे. पण ग्रामपंचायतीला ग्रामसभा असते; तेथे साधा मतदारही उभा राहून 'हा खर्च कशाचा?' असे विचारू शकतो, आणि सरपंचाला सर्वांदेखत उत्तर द्यावे लागते. नगरपरिषदेला तशी सभा नाही. तेथे ठराव करणारे सदस्य, प्रश्न विचारणारेही तेच. आणि आपण उरतो गॅलरीत, जागा मिळालीच तर.