मॅनहोलमध्ये माणूस का उतरतो?

ऑक्टोबर 2018 मध्ये डोंबिवलीच्या खंबाळपाड्यात सांडपाण्याचे चेंबर साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. काही दिवसांतच, 1 नोव्हेंबरला, कल्याण पूर्वेत एका विहिरीच्या सफाईसाठी उतरलेला माणूस वर आला नाही. त्याला काढायला इतर उतरले, त्यांच्यामागून अग्निशमन दलाचे जवान उतरले. विषारी वायूने त्या दिवशी पाच जण गेले, त्यांत दोघे अग्निशमन दलाचे होते. मे 2019 मध्ये ठाण्याच्या ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या मलप्रक्रिया टाकीत तीन सफाई कामगारांचा जीव गेला. आठ महिन्यांच्या आत, लोकलने अर्ध्या तासाच्या टापूत, अकरा माणसे.

दर वेळी चौकशी होते, भरपाई जाहीर होते आणि शहर पुन्हा कामाला लागते. अशा मृत्यूंना आपण अपघात म्हणून बाजूला ठेवतो. मला हे मान्य नाही. भुयारी गटार कसे चालते हे एकदा नीट समजून घेतले, तर त्यात माणूस उतरण्याची वेळ आपल्याच वागण्यातून आणि आपल्याच दुर्लक्षातून येते हे दिसेल. जे आपल्यामुळे घडते ते थांबवणेही आपल्याच हाती असते.

शहराचा पाणीपुरवठा आखताना माणशी रोज 135 लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे. त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे चार माणसांचे एक घर रोज सव्वाचारशे लिटरहून अधिक मैलापाणी शहराच्या स्वाधीन करते. हे पाणी इमारतीच्या चेंबरमधून रस्त्याखालच्या मलवाहिनीत जाते आणि तिथून पुढे ते आपल्याच वजनाने वाहते. मलवाहिनीला उतार असतो. वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरच्या खाली गेला, की वाळू आणि मैला तळाशी बसू लागतो. वेग टिकला तर वाहिनी स्वतःच स्वतःला धुते. नीट आखलेल्या, नीट वापरलेल्या मलवाहिनीत माणूस उतरवण्याची गरज नसते. तिची रचनाच तशी आहे.

मात्र आपली शहरे सखल आहेत. ठाणे येऊरच्या डोंगरापासून खाडीपर्यंत उतरत जाते, डोंबिवलीची पश्चिम बाजू तर खाडीच्या पातळीलाच टेकलेली आहे. उताराने वाहिनी खोल खोल जात राहते आणि एका टप्प्यावर पाणी पंपाने वर उचलावे लागते. त्यासाठी उदंचन केंद्रे असतात. पुढे ठाण्याच्या कोपरीसारख्या किंवा डोंबिवलीच्या मोठागावसारख्या मलप्रक्रिया केंद्रात जाळ्यांवर कचरा अडवला जातो, वाळू खाली बसवली जाते, आणि मग टाक्यांमध्ये हवा सोडून जिवाणू वाढवले जातात. मैला खाण्याचे खरे काम हे जिवाणूच करतात. गाळ वेगळा काढून, पाणी निर्जंतुक करून, मगच ते खाडीत किंवा नदीत सोडायचे असते. इतकी विचारपूर्वक उभी केलेली ही व्यवस्था बिघडते कुठे? ती आपल्या घरापासून बिघडू लागते.

सॅनिटरी पॅड, डायपर, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या आपण संडासात टाकतो. हॉटेलांचे आणि घरांचे तेल गोठून वाहिनीच्या आतल्या भिंतीला थर धरते. बांधकामावरचे सिमेंटचे पातळ मिश्रण सर्रास चेंबरमध्ये ओतले जाते. पावसाळ्यात गच्चीचे पाणी नाल्याऐवजी मलवाहिनीला जोडले जाते, आणि रस्त्यात पाणी साचले की शेजारपाजारची मंडळी मॅनहोलचे झाकणच उचलतात. पावसाचे पाणी आणि मैला यांच्यासाठी वेगळ्या वाहिन्या असतात, त्या एक केल्या की दोन्ही निकामी होतात. मग लाईन चोकअप होते. सोसायटीची सेक्रेटरी मंडळी कुणाला तरी फोन करतात, आणि बांबू, दोरी आणि बादली घेऊन दोन-तीन पोरे येतात.

जिथे भुयारी गटार पोहोचलेलेच नाही, तिथली गोष्ट आणखी कठीण आहे. गोळवली, पिसवली, निळजे यांसारखी 27 गावे 1983 ला कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, 2002 ला वगळली गेली आणि 2015 ला पुन्हा आत घेतली गेली. हद्दीचे निर्णय होत राहिले, टोलेजंग इमारती उठत राहिल्या, पण मलवाहिनीचे काम त्यांच्या मागेच राहिले. अशा भागात सेप्टिक टँकच आधार असतो. तो दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. पण तो उतू जाईपर्यंत कुणाला त्याची आठवण होत नाही, आणि आठवण झाली की सगळ्यात स्वस्त माणूस शोधला जातो.

त्या बंद जागेत काय असते हे प्रत्येक सोसायटीने जाणून घेतले पाहिजे. मैला हवेविना कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. उतरलेल्या माणसाला वाटते की वास गेला, आता धोका नाही. त्याच क्षणी मृत्यू जवळ आलेला असतो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. वरचा सोबती त्याला कोसळताना पाहतो आणि जिवाची पर्वा न करता खाली उडी घेतो. कल्याणची विहीर पाच जणांना गिळते ती अशी. तोंडाला बांधलेला रुमाल या वायूपुढे काहीच कामाचा नाही. वायू मोजण्याचे यंत्र, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, कमरेचा पट्टा आणि वर ओढण्याची व्यवस्था नसेल तर उतरणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा 2013 चा कायदा मलवाहिनी आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास मनाई करतो. ही मनाई महापालिकेला, ठेकेदाराला आणि खासगी व्यक्तीला सारखीच आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाखांवर नेली. तरीही माणसे उतरतात. कारण कायदा न्यायालयात असतो आणि फोन आपल्या हातात.

लोक म्हणतात, तो स्वखुशीने आला होता, पैसे ठरवून आला होता. ज्या माणसापुढे पोट भरण्याचा दुसरा रस्ता नाही त्याच्या होकाराला स्वखुशी म्हणणे हा अन्याय आहे. आणि त्याच्यापुढे रस्ता का नाही, याचे उत्तर आपल्याला ठाऊक असूनही आपण बोलत नाही. त्या टाकीत उतरणारा माणूस बहुतेक वेळा कोणत्या समाजातून येतो? जन्माने वाट्याला आलेले काम आजही पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांकडे राहते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा आधार दिला, त्या कुटुंबांना तो हवाच आहे. पण या कामासाठी इतर घरांतून कुणी पुढे येत नाही, ही आपल्या समाजाची लाज आहे.

हे ओळखणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात स्वतः भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैला हाताळावाच लागू नये अशा संडासांवर काम केले. त्यांची शिकवण दुहेरी होती: हे काम हलके नाही, आणि ते माणसाला करावे लागू नये यासाठी झटणे हे शिकलेल्या माणसाचे कर्तव्य आहे. गाडगेबाबांचा खराटा आपण दर जयंतीला उचलतो. अप्पासाहेबांचा दुसरा धडा मात्र आपण गिरवलेलाच नाही.

काहींना वाटते, गल्ल्या अरुंद आहेत, तिथे मोठे यंत्र कसे जाणार? अडचण खरी आहे. पण लहान जेटिंग आणि सक्शन यंत्रे, लांब नळी, रस्त्यालगत काढलेले तपासणी चेंबर हे सगळे उपाय उपलब्ध आहेत. ठाण्यातल्या लोकमान्यनगरच्या चाळींत गॅस सिलिंडर आणि फ्रिज पोहोचतो, तर यंत्राची नळीही पोहोचवता येईल. ती कोण मागतो, हा खरा प्रश्न आहे. रस्त्याचे डांबरीकरण आणि चौकाचे सुशोभीकरण आपण नगरसेवकाकडे हक्काने मागतो. मलवाहिनीचे काम मागायला कुणी जात नाही, कारण त्याच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही.

आणि जे आपण वाहून जाऊ देतो ते परत आपल्याकडेच येते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही शहरे उल्हास नदीचेही पाणी पितात. त्याच नदीत वरच्या गावांचे आणि शहरांचे मैलापाणी मिसळते. उल्हासनगरचा खेमाणी नाला पाणी उचलण्याच्या ठिकाणाजवळ नदीला मिळत असल्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. वालधुनी नदीची अवस्था तर पुलावरून जाताना नाकालाच कळते. उन्हाळ्यात उल्हासच्या पात्रात फोफावणारी जलपर्णी त्याच मैल्यावर पोसली जाते. वरच्या गावाने खालच्या गावाचा विचार केला नाही म्हणून आपण संतापतो. मग आपल्या सांडपाण्याखाली असलेल्या कोळीवाड्यांचा आणि 2022 मध्ये रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या ठाणे खाडीचा विचार आपण केला पाहिजे की नाही?

म्हणून प्रत्येक सोसायटीने येत्या सर्वसाधारण सभेत चार ठराव करावेत. आमच्या आवारातील कोणत्याही चेंबरमध्ये किंवा टाकीत माणूस उतरवला जाणार नाही, यंत्रच येईल, आणि त्याचा खर्च देखभाल निधीतून होईल. गच्चीचे पाणी मलवाहिनीला जोडलेले असेल तर ते येत्या पावसाळ्यापूर्वी तोडले जाईल. संडासात मैला आणि पाणी यांखेरीज काहीही जाणार नाही, हे प्रत्येक घरात सांगितले जाईल. आणि आपल्या प्रभागातील मलवाहिनीचे काम कुठवर आले, हे दरवर्षी महापालिकेला लेखी विचारले जाईल. कुठेही माणूस असा उतरताना दिसला तर 14420 या हेल्पलाईनवर तक्रार करा आणि त्याला तिथेच थांबवा. तो थांबला तर तुमचा चोकअप दोन दिवस उशिरा निघेल. तेवढी गैरसोय सोसणे, हे नागरिक म्हणून आपले किमान कर्तव्य आहे.