फळाविना फूल

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराच्या मंदिराभोवती जुनी वस्ती आहे. तेथे एखाद्या घराच्या गच्चीवर, जुन्या कुंडीत, वेडेवाकडे वाढलेले एक झाड आढळते. त्याची पाने म्हणून जी दिसतात, ती वस्तुतः चपटी झालेली खोडेच होत; कारण हे झाड निवडुंगाच्या कुळातले आहे. वर्षभर त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. उन्हाळ्याची काहिली ओसरून पावसाच्या सरी येऊ लागल्या, की त्याला कळी धरते. मग एके रात्री ती हळूहळू उमलते, शुभ्र पाकळ्यांचे मोठे फूल साऱ्या गच्चीवर सुगंध पसरविते आणि पहाटे मान टाकते. महाराष्ट्रात याला ब्रह्मकमळ म्हणतात. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ निराळे; हे मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अरण्यांतले आहे.

फूल उमलणार असले की शेजारीपाजारी गोळा होतात, निरांजन लावले जाते, हात जोडले जातात. आणि कोणीतरी हमखास म्हणते, “पाहा, काळोखात, कोणी पाहो न पाहो, हे फुलते. गीतेतला निष्काम कर्मयोग तो हाच!”

उपमा गोड आहे. परंतु ती पूर्ण खरी आहे काय?

रात्री उमलणाऱ्या फुलाचा शुभ्र रंग व उत्कट सुगंध हे निशाचर पतंगादी जिवांना दिलेले आमंत्रण असते. परागण व्हावे, फळ धरावे, बीज पडावे, हीच त्यामागची निसर्गाची योजना. ॲरिझोना व मेक्सिकोच्या वाळवंटातील सग्वारो नावाच्या प्रचंड निवडुंगाला पहिले फूल येण्यास सामान्यतः ३५ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. त्याचे प्रत्येक फूल रात्री उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटते. एवढी प्रतीक्षा, एवढा अल्प अवधी, आणि सारा खटाटोप फळासाठीच! शिवाय न फुलण्याचे स्वातंत्र्य झाडाला नाही. जेथे निवड नाही, तेथे त्यागही नाही.

तथापि मैलापूरच्या गच्चीवरील झाडाची एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडे ही झाडे बहुधा एका घरातून दुसऱ्या घरी दिलेल्या तुकड्यांवरून लावली जातात, आणि त्यांना फळ क्वचितच धरते. तरीही फुलाच्या शुभ्रतेत वा सुगंधात रेसभरही उणेपणा येत नाही. झाड हे अजाणता करते. मनुष्याला तेच जाणूनबुजून करता येईल काय, हा गीतेचा प्रश्न आहे.

समजा, त्याच वस्तीत एका गृहस्थाची वृद्ध माता अंथरुणाला खिळली आहे. तिची स्मृती गेली आहे. ती मुलाला ओळखत नाही, आणि ती पुन्हा ओळखील अशी आशा नाही, असे वैद्यांनी सांगितले आहे. तो रोज तिला स्नान घालतो, घास भरवितो. त्याच्यापुढे दोन मोह उभे असतात. एक म्हणतो, “अधिक सेवा कर, एक दिवस ती तुला नावाने हाक मारील.” ती हाक येत नाही, आणि सेवेत चिडचिड शिरते. दुसरा म्हणतो, “फळाची आशा सोडावी असे गीताच सांगते, मग या निष्फळ श्रमांत शिणावे कशाला?”

हा दुसरा मोह अधिक घातक, कारण तो शास्त्राची वस्त्रे लेवून येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस ठरविला आहे. त्याच अध्यायात परिणाम, हानी आणि आपले सामर्थ्य न पाहता आरंभिलेले कर्मही तामसच म्हटले आहे. म्हणजे फळाचा विचार निषिद्ध नाही. फळाची आसक्ती निषिद्ध आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील रानफुलांचा अभ्यास करून फ्रिट्स वेंट या संशोधकाने १९४८-४९ च्या सुमारास दाखविले, की तेथील कित्येक बीजे हलक्या सरीने रुजतच नाहीत. अंकुर रोखून धरणारी द्रव्ये धुऊन जातील इतका पाऊस झाला, तरच ती रुजतात. निसर्गाने बीजात घातलेली ही सावधता मनुष्याने विवेकाने साधावयाची आहे.

म्हणून त्या गृहस्थाने वैद्यांचे म्हणणे ऐकावे, घरचा पैसा व स्वतःची शक्ती पाहावी, भावंडांना भार वाटून द्यावा. एवढे ठरल्यावर आजचा घास मात्र असा भरवावा, की जणू माता त्याला ओळखतेच आहे. ओळखीची अपेक्षा गळून पडते, तेव्हा प्रेम उणावत नाही. उलट त्याच्यातली देवघेव तेवढी निघून जाते. सिद्धी-असिद्धीत सम राहणाऱ्या सात्त्विक कर्त्याच्या ठिकाणी गीतेने धैर्याबरोबर उत्साहही सांगितला आहे, हे विसरता कामा नये. जो उदासपणे कर्तव्य उरकतो, त्याने फळ सोडले नाही. न मिळालेल्या फळाचा तो शोक करीत आहे.

पहाटे गच्चीवरचे फूल मिटलेले असते. पाहावयास आलेले सारे घरोघरी गेलेले असतात. खाली मातेच्या खोलीत दिवा लागतो आणि स्नानाचे पाणी तापत ठेवले जाते. रात्री फुलाला हात जोडणाऱ्यांपैकी ज्याला हा दुसरा फुलोरा दिसला, त्याचे गीतापठण सार्थ झाले.