नव्या माध्यमात पाऊल ठेवताना

नवे साधन निघाले की आपल्या मंडळ्यांत बहुधा दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जग तिकडे चालले आहे, मग आपणच मागे का राहावे? दुसरा म्हणतो, हा सारा पोरखेळ आहे, यातून भांडणे आणि वेळेचा नाश यांवाचून काही निघायचे नाही. रेडिओच्या वेळी असे झाले, दूरदर्शनच्या वेळी झाले, आणि मोबाईलवरील सामाजिक माध्यमांविषयी तर दर दोन-तीन वर्षांनी होते, कारण ही माध्यमेच तितक्या वेगाने नवी येतात. गंमत अशी की साधन समजून घेण्याचे श्रम दोन्ही तट टाळतात. पहिला शिकण्याआधी वापरू लागतो, दुसरा शिकण्याआधी निकाल देऊन मोकळा होतो.

आम्हांला येथे एवढेच विचारायचे आहे, की अशा नव्या ठिकाणी आपण शिरतो ते ऐकणारे म्हणून की ऐकविणारे म्हणून? आणि ते ठिकाण चांगले की वाईट, हे कोणत्या मापाने ठरवावे?

मराठी मुलखात हा प्रश्न एकदा छापखान्याच्या रूपाने येऊन गेला आहे. मुंबईचे गणपत कृष्णाजी हे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता ती कला शिकले आणि १८३१ साली त्यांनी शिळाप्रेसवर पंचांग छापले. छापण्याच्या शाईत जनावराची चरबी असते म्हणून पुष्कळ लोक छापील धर्मग्रंथाला हात लावीत नसत. गणपत कृष्णाजींनी त्यांना अडाणी म्हणून हिणविले नाही, त्यांनी तुपाची शाई तयार केली. साधन आधी पुरते शिकून घ्यावे आणि मग ज्याच्या हाती ते जाणार त्याचा संकोच ध्यानात घ्यावा, हे त्यांना कळले होते. पुढे १८४२ मध्ये अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघाला, तोवर छापील अक्षराचे भय बरेच ओसरू लागले होते.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद करण्यात आले. त्यांनी तेथे एक जुने छायाचित्र लावले होते. १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत जमलेल्या गर्दीत सर्वांचे हात नाझी सलामीसाठी वर गेले असताना एकच कामगार हाताची घडी घालून उभा आहे, असे ते चित्र. खाते बंद झाल्याचा राग येऊन त्या नोव्हेंबरात आपल्या देशातील पुष्कळ लोक ‘मॅस्टोडॉन’ नावाच्या दुसऱ्या माध्यमावर गेले. हे माध्यम जर्मनीत ऑयगेन रोखको या तरुणाने २०१६ मध्ये सुरू केले होते.

तेथे पोचलेल्यांची मोठी तारांबळ उडाली. मॅस्टोडॉन कोणा एका कंपनीचे एकच मोठे घर नाही. ती निरनिराळ्या सर्व्हरांची वस्ती आहे. प्रत्येक सर्व्हरचा चालक वेगळा, नियम वेगळे, तरी एकाचा माणूस दुसऱ्याच्या माणसाशी बोलू शकतो. आपल्यासारख्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या मंडळ्याही अशाच, प्रत्येकीची पंचकमिटी निराळी आणि पत्रव्यवहार सर्वांशी. तेथे जाहिराती नाहीत. कोणते बोलणे वर आणावे आणि कोणते दडपावे हे ठरविणारे यंत्र नाही, जे ज्या वेळी लिहिले गेले ते त्या क्रमाने दिसते. दुसऱ्याचे वाक्य उचलून, त्यावर आपला शेरा मारून, आपल्या गोतावळ्यापुढे त्याची फजिती करण्याची सोय तर चालकांनी कित्येक वर्षे मुद्दाम ठेवली नव्हती. २०२५ मध्ये ती दिली, तीही मूळ लिहिणाऱ्याच्या संमतीची अट घालून.

पुष्कळजण काही आठवड्यांत परत फिरले. तक्रार एकच, ‘येथे कोणी नाही.’ वास्तविक माणसे होती. नव्हता तो त्यांचा जुना श्रोतृवर्ग, ज्याने शंभर-दोनशे वेळा अंगठा वर करावा अशी त्यांना सवय लागली होती. नव्या गावी जाऊन पहिल्याच दिवशी वेशीवर हारतुरे घेऊन कोणी आले नाही, म्हणून गावच ओसाड ठरविणे, यातला हा प्रकार.

नव्या घराची दुसरीही एक बाजू आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. २०२० साली बंगळुरात ‘कू’ नावाचे देशी माध्यम सुरू झाले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिता येत असे, आणि इंग्रजीला बिचकणारे पुष्कळ लोक तेथे मोकळेपणी लिहू लागले. जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. म्हणजे मन लावून शिकलेली जागाच चार वर्षांत उठून गेली. मग शिकण्याचे श्रम वाया गेले काय? आम्हांला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मॅस्टोडॉनवरच्या एका रीतीत सापडते.

तेथे चित्र टाकणाराने त्याखाली चित्राचे वर्णन लिहावे, अशी अपेक्षा असते. अंध माणसाच्या मोबाईलमध्ये अक्षरे वाचून दाखविणारी यंत्रणा असते, पण चित्राशी ती अडखळते. वर्णन लिहिलेले असेल तर ती ते वाचून दाखविते. ऐकायला ही बाब लहान वाटते. करून पाहावी म्हणजे कळते. वर सांगितलेले हॅम्बुर्गचेच चित्र घ्या. ‘जुने छायाचित्र, मोठी गर्दी’ एवढे लिहिले तर ते खोटे नाही, पण अंध वाचकाला त्यातून काहीही मिळाले नाही. ‘सर्वांचे हात वर आहेत, एकाच्या हाताची घडी आहे’ असे लिहिले की चित्र त्याच्यापुढे उभे राहते. हे लिहिण्यासाठी आधी तो एक माणूस आपल्याला शोधावा लागतो. हंगामाच्या सणाचा फोटो असो की शब्बाथशाळेच्या बक्षीस समारंभाचा, वर्णन लिहायला बसलो म्हणजे फोटो नव्याने पाहावा लागतो. कोण पुढे बसले आहे, कोण कडेला अर्धेच दिसते आहे, कोणत्या मुलाच्या हाती बक्षीस नाही, हे सारे नजरेत येते. एरव्ही आपण फोटो पाहत नाही, पाठवितो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी वरच्या वर्गाकडून एकदा हे करवून घ्यावे. त्यासाठी मॅस्टोडॉन लागत नाही, पाटीपेन्सिल पुरते. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी पाहणे ही विद्या एकदा अंगी आली की माध्यम बंद पडले तरी ती मोडीत निघत नाही.

माध्यमाची घडण आपला हात वळविते, हे मान्य केले पाहिजे. उलट दिशेनेही ती तो वळविते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने आपल्या देशापुरता नियम केला की आलेला मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल. जानेवारी २०१९ पासून तो जगभर लागू झाला. नियम चांगलाच आहे. पण पुढे धाडणाऱ्या बहुतेकांच्या मनात कोणाचा घात करण्याची इच्छा नव्हती, मुलांची काळजी होती, हे विसरता येत नाही. काळजीने भरलेले मन आणि काही न वाचता दाबणारा अंगठा एकत्र आले. आणि पाच ठिकाणे म्हणजे तरी किती? पाच गट घेतले तर चार-पाचशे माणसे सहज होतात. याकोबाने आपल्या पत्रात जिभेविषयी जी कळकळीची सूचना केली आहे ती आता अंगठ्यालाही लावून वाचावी लागते.

आता आपल्या स्वतःच्या गटांकडे वळू, आणि ते दूरच्या एका गावातून पाहू. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत, दिग्गी नावाचे गाव आहे. काळी नदी उगम पावते तो हा मुलूख, पुढे ती कारवारजवळ समुद्राला मिळते. चहूकडे सह्याद्रीचे दाट रान, कुणबी समाजाची विखुरलेली वस्ती, घरी कोकणी, कचेरीत कन्नड, आणि मराठीही कानाला परकी नाही. मोबाईलच्या लहरींना डोंगर आडवा आला की त्या तेथेच अडतात, म्हणून अशा प्रदेशात रेंज सर्वत्र सारखी मिळत नाही. एका उंचवट्यावर लागते, दहा पावलांवर जाते. २०२० साली शाळा बंद होऊन शिक्षण मोबाईलवर आले तेव्हा उत्तर कन्नडच्या डोंगराळ भागातील मुलांना रेंजसाठी टेकड्या चढाव्या लागल्या होत्या.

समजा, आपल्या मंडळीतील एक बहीण परिचारिका म्हणून त्या बाजूला नेमली गेली. तिला धाडलेल्या निरोपापुढे आपल्याला एकच करडी खूण दिसते, म्हणजे निरोप येथून निघाला, तिला पोचला नाही. दोन दिवसांनी ती कामानिमित्त जोयड्यास येते आणि बाजारात उभी असताना साठलेले सर्व निरोप एकदम खळखळून येतात. आपण गट तुकड्या-तुकड्यांनी वाचतो, ती सलग वाचते. आपला गट खरोखर कसा आहे हे बहुधा तिलाच दिसते. फुलांचे ताटवे आणि सूर्योदय, त्यांवर ‘सुप्रभात’. कोणाचा तरी लांबलचक व्हिडिओ, जो तिकडे उतरायलाच तयार नाही. मग पुन्हा फुले. आणि त्या फुलांच्या ढिगात कोठेतरी दोन ओळी, की अमुक आजी प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या, दफनविधी उद्या चार वाजता. तो उद्या काल होऊन गेला.

गटात ‘सर्वांना कळविले आहे’ असे लिहिले जाते तेव्हा त्या ‘सर्वां’मध्ये ती असते काय? आणि तिच्याकडे निदान मोबाईल तरी आहे. आपल्या मंडळीतील ज्या वृद्धांकडे तोही नाही, त्यांना पूर्वी शिपाई घरी येऊन सांगत असे. गट सुरू झाल्यापासून कित्येक ठिकाणी तो येत नाही. हा दोष कोणत्याही कंपनीच्या माथी मारता येणार नाही. यंत्राने शिपायाला घरी बसविलेले नाही, आपण बसविले.

म्हणून नवे माध्यम घ्यावे की नाही, असा ठराव पंचकमिटीपुढे येईल तेव्हा आम्ही अनुकूल मत देऊ. पण ते शिकविण्याची बैठक तरुण संघाने घ्यावी तेव्हा बटणे कोठे आहेत एवढेच सांगून उठू नये. मृत्यूची वार्ता फुलांच्या गर्दीत टाकू नये, तिच्यासाठी वेगळा गट असावा आणि त्यात दुसरे काही येऊ नये. महत्त्वाचा निरोप साध्या अक्षरांत असावा, चित्रात कोंबलेला नसावा, कारण अक्षरे दुबळ्या रेंजवरही पोचतात आणि अंध माणसालाही ऐकू येतात. व्हिडिओ पाठविला तर त्यात काय आहे ते दोन ओळींत लिहावे. गटात कोण नाही याची यादी कोणीतरी वहीत ठेवावी, आणि त्या घरी कोण जाणार हेही तेथेच लिहावे.

जोयड्याच्या बाजारात उभ्या असलेल्या त्या बहिणीचे मात्र एवढ्याने भागत नाही. मंगळवारी कोणीतरी गटात विचारले होते, ‘आजारी मुलासाठी प्रार्थना करा, ताप उतरत नाही.’ तिने ते गुरुवारी वाचले, आणि ती परिचारिका असल्यामुळे तिने प्रार्थनेबरोबर दोन कामाचे प्रश्नही विचारले, ताप किती दिवस, अंगावर पुरळ आहे का. गट तोवर वर्गणीच्या हिशोबावर येऊन ठेपलेला असतो. तिच्या निरोपाला कोणी उत्तर देत नाही. तिची बस सुटायची वेळ होते, आणि गाडी वळण घेऊन रानात शिरली की रेंज जाते.