कोयता गेल्यानंतरचा आगमनकाळ

बीड जिल्ह्यात आगमनकाळ सुरू होतो, तेव्हा वाड्यावस्त्या रित्या झालेल्या असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर ऊसतोड कामगारांना घेऊन सांगली, सातारा, कोल्हापूरकडे, काही सीमेपलीकडे बेळगावकडे निघून जातात. नवराबायको मिळून एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब. चर्चमध्ये चार मेणबत्त्यांपैकी पहिली पेटते, त्या वेळी बाकांवर आजी-आजोबा आणि नातवंडे दिसतात. मधली पिढी नसते. प्रभूची वाट पाहा, असे या मंडळींना मी कित्येक वर्षे सांगत आलो आहे.

एकदा पाटोदा तालुक्यातील एका वस्तीवर एका आजींच्या भेटीस गेलो होतो. नातू तापाने फणफणला होता, आईबाप उसाच्या फडात. फोन लागत होता, परंतु येणे कसे व्हावे? उचल फिटायची होती आणि खाडा पडला की तो अंगावर चढतो. मी सवयीने म्हणालो, "आजी, धीर धरा. देव पाहतो आहे." पदराने पोराचे कपाळ पुसत त्या म्हणाल्या, "धरलाच हाय की, फादर. पण दरसाली आमीच का धरायचा?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. संत थॉमस अक्वायनस सहनशीलतेला धैर्याच्या सद्गुणात स्थान देतात, हे सेमिनरीत शिकलो होतो. मराठीतही धीर आणि धैर्य एकाच घरचे शब्द. आजींच्या धीरात हतबलतेचा लवलेश नव्हता. रात्रभर कपाळावर ओल्या पट्ट्या, पहाटे शेळीची धार, धाकटीची शाळेची तयारी. परतणाऱ्यांचे घर त्या चालते ठेवीत होत्या. आशा म्हणतात ती मला तिथे दिसली. पण म्हणून त्यांचा प्रश्न मिटत नव्हता.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, 'अ' वर्षात, आपण याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सातव्या ओवीपासून वाचतो. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखे धीर धरा, असे तो सांगतो. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या कोरडवाहू मुलखाला हा दाखला उलगडून सांगावा लागत नाही. त्या रात्री मात्र मी तोच अध्याय पहिल्या ओवीपासून वाचला. चौथ्या ओवीत कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी धनवंतांविरुद्ध ओरडते आणि मजुरांचा आक्रोश देवाच्या कानी जातो. याकोब हे आधी बोलतो, धीराचे नंतर. ज्यांना धीर धरायला सांगायचे, त्यांच्या वतीने प्रथम देणेकऱ्यांना बोलावे लागते, हा क्रम मी सोडून दिला होता. त्या पहिल्या सहा ओव्या उपासनेत 'ब' वर्षात, सप्टेंबरअखेरीस येतात. तेव्हा कोयते गावातच असतात, उचलीचे व्यवहारही ताजे असतात. त्या रविवारी मी शुभवर्तमानावर प्रवचन देत असे. खरे सांगायचे तर ते सोयीचे होते.

कारखान्याचे गाळप नेमके कधी थांबेल, हे वस्तीवर आधी कुणाला कळत नाही. पाडव्याला येऊ म्हणतात; कधी ईस्टरही उलटून जातो. तरी फाल्गुन सरत आला की आजी घर सारवायला काढतात. मी पुन्हा गेलो, तेव्हा बरा झालेला नातू ओल्या भुईच्या कडेकडेने चालत होता आणि आजी त्याच्यावर ओरडत होत्या, "पाय उठवू नको रं, तुजी आई यायची हाय."