दुःखाची भाषा कोणी निवडावी?

हिंगणीहून बोर धरणाकडे जाणारा रस्ता हिवाळ्यात फार देखणा असतो. २०१४ साली बोरचे अरण्य व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाल्यापासून तिकडे येणाऱ्यांची वर्दळही वाढली आहे. काही वर्षांपूर्वी त्या परिसरात आम्ही तरुणांचे शिबिर भरवले होते. शेकोटी विझत आली असता एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. जन्म याच जिल्ह्यातला, नोकरी पुण्यात आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस सह्याद्रीच्या कड्यांवर. दोन वर्षांपूर्वी एक कडा उतरताना त्याचा सोबती त्याच्या डोळ्यांदेखत कोसळला होता. ही हकीकत त्याने मला इंग्रजीत सांगितली. एखादा अहवाल वाचून दाखवावा तशी, क्रमवार, कोठेही न अडखळता. (हे पापनिवेदन नव्हते. त्याच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा पुसूनच येथे लिहीत आहे.)

मी मध्येच विचारले, “हे आईला कसं सांगितलंस?” तो थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “फादर, मी त्याले हाक मारली. त्यानं ओ देली नाही.” पुढे त्याला बोलवेना. पहाटे कोणालाही न सांगता तो शिबिर सोडून निघून गेला.

त्या रात्री मला समाधान वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. इंग्रजी हा मुखवटा, मातृभाषा हा खरा चेहरा, आणि मी त्याला चेहऱ्यापर्यंत नेले, असा माझा समज. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला असे सुटसुटीत समज लवकर चिकटतात. पहाटे त्याची रिकामी चटई पाहिली तेव्हा तो समज डळमळला.

परक्या भाषेत बोलणारा माणूस खोटे बोलतो काय? २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तुर्की मातृभाषा असून पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांवर एक प्रयोग केला. लहानपणी कानी पडणारी रागावण्याची वाक्ये ऐकताना त्यांच्या त्वचेतील सूक्ष्म विद्युत्-बदल मोजले गेले. तुर्कीतील वाक्यांना शरीराने दिलेला प्रतिसाद तीव्र होता, इंग्रजीतील वाक्यांना सौम्य. २०१४ साली अल्बर्ट कोस्टा प्रभृतींनी नीतिशास्त्रातला एक जुना पेच लोकांपुढे ठेवला: पाच जणांचा जीव वाचवण्यासाठी एकाला पुलावरून ढकलावे काय? मातृभाषेत विचारले तेव्हा सुमारे २० टक्के लोक ‘होय’ म्हणाले, परक्या भाषेत ३३ टक्के. परक्या भाषेत मन थोडे दूर उभे राहते. ते दूर उभे राहणे कधी निर्दयपणा ठरेल; पण ज्याच्या हातात दोर होता आणि जो रोज रात्री ‘गाठ मी नीट तपासली होती काय?’ असे स्वतःला विचारतो, त्याला तेवढ्या अंतरावरूनच त्या प्रश्नाकडे पाहता येत असेल, तर ते अंतर काढून घेण्याचा अधिकार मला कोणी दिला?

याचा अर्थ मातृभाषेवाचून भागते, असा मुळीच नाही. २०१८ साली ‘मिशन शौर्य’ उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. आपल्या विदर्भाला त्याचा सार्थ अभिमान आहे. त्या मुलखात गोंडी आहे, कोलामी आहे. शाळेची भाषा मराठी. आणि दोर, खिळे, गाठी यांच्या विद्येतले बहुतेक शब्द इंग्रजी. अशा मुलाला आठ हजार मीटरच्या वर भीती वाटली, तर ती त्याने कोणत्या भाषेत सांगावी? शौर्याची बातमी सर्व भाषांत छापून येते. भीतीला मात्र बहुधा घरचीच बोली लागते, आणि तेथे ती समजणारे कोणी असेलच असे नाही.

दुभाषी हा यावरचा सोपा उपाय. पापनिवेदन दुभाष्यामार्फतही करता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९९० वे कलम त्यास मुभा देते, आणि ९८३ वे कलम त्या दुभाष्यालाही गुप्ततेने बांधून टाकते. परंतु ही मुभा आहे, सक्ती नव्हे. तिसरा माणूस मध्ये बसवायचा की नाही, हे बोलणाऱ्याने ठरवायचे.

मानसोपचाराच्या बाबतीतही मला हेच महत्त्वाचे वाटते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर फोन करणारा आपली भाषा निवडतो. त्यांत मराठी आहे. ही फार मोठी सोय झाली, आणि आपल्या घरांतील तरुणांना हा क्रमांक ठाऊक असावा. मात्र दुःख एका भाषेत सुरू होते आणि वाक्याच्या मध्यावर दुसरीत उतरते. ऐकणाराही त्याच्याबरोबर उतरू शकला पाहिजे, आणि बोलणारा पुन्हा पहिल्या भाषेत चढून गेला तर त्याला खाली न ओढता वाट पाहू शकला पाहिजे. शिवाय गिर्यारोहकांची म्हणून आणखी एक भाषा असतेच. ‘बिले’ म्हणजे काय, ‘अँकर’ निसटला म्हणजे नेमके काय झाले, हे समुपदेशकाला पदोपदी समजावून सांगावे लागले, तर दुःखी माणसाचा शिक्षक होतो आणि रडायचे राहून जाते. मलाही त्या रात्री ते शब्द कळत नव्हते. कदाचित म्हणूनच मी त्याला घाईघाईने माझ्या ओळखीच्या भाषेत ओढले असेल.

पुढे आठ महिन्यांनी त्याचे पत्र आले. पुण्यात तो एका समुपदेशकाकडे जात होता. ते स्वतः डोंगर चढणारे आणि मराठी-इंग्रजी दोन्ही बोलणारे. पहिल्या काही भेटी इंग्रजीतच झाल्या, असे त्याने लिहिले होते. “त्या भाषेत मी पडत नाही, फादर,” या अर्थाचे एक वाक्य होते. सोबत्याच्या आईला भेटायला तो अद्याप गेला नव्हता. तिच्याशी मराठीतच बोलावे लागेल, आणि ते शब्द अजून जुळत नव्हते.

सारे पत्र इंग्रजीत होते. मराठीत उत्तर लिहायला बसलो, अर्धे पान झाले, मग ते बाजूला ठेवले आणि त्याला इंग्रजीतच लिहिले.