एलीचे मंद डोळे

वाचनपाठ : १ शमुवेल २:१२-२९, ३:१-१८, ८:१-३

एखादी संस्था बिघडली की आपण प्रथम अपराध्याचे नाव विचारतो. पवित्र शास्त्र त्याच्याही आधीचा प्रश्न विचारते : त्याला तेथे कोणी बसवले, आणि सर्व कळल्यावरही कोणी बसू दिले?

शिलो येथे एलीचे पुत्र हफनी व फिनहास हे याजक होते. पद त्यांना जन्माने लाभले होते. परमेश्वराची ओळख मात्र नव्हती. चरबीचा होम होण्यापूर्वीच ते अर्पणाचे मांस मागवीत. ते आणावयास त्यांचा चाकर जाई, आणि कोणी हरकत घेतली तर बळजबरीची धमकी तोच देई. धन्याची वृत्ती चाकराच्या तोंडी आली होती. संस्थेचे वळण असेच बिघडते. वर जे खपते, ते खाली शिकले जाते.

एलीने पुत्रांची कानउघाडणी केली होती. तरीही त्याने त्यांना आवरले नाही, असा देवाचा ठपका आहे (३:१३). मूळ इब्री पाठात येथे एक जुळणी आहे, ती भाषांतरात उतरत नाही. एलीचे डोळे मंद झाले असे सांगताना (३:२) जी धातूची अक्षरे येतात, तीच ‘आवरणे’ या क्रियापदातही आहेत. डोळे मंदावले, पुत्रांचा उन्मत्तपणा मात्र त्याने मंद केला नाही. बोलणे त्याला जमले, पदावरून दूर करणे जमले नाही. कारण त्या मांसावर तोही पोसला होता (२:२९).

हे दुखणे केवळ शिलोचे नाही. दिल्लीलगतच्या गुरगावातून (आजचे गुरुग्राम) कारभार चालणाऱ्या रॅनबॅक्सी या औषध कंपनीत २००४ साली संशोधन विभागाचे प्रमुख राजिंदर कुमार यांनी दिनेश ठाकूर यांना औषधांविषयीच्या माहितीची छाननी करावयास सांगितले. पुष्कळ माहिती खोटी आढळली. हे निष्कर्ष संचालकांपुढे ठेवले गेले. परंतु वर्षभराच्या आतच दोघेही कंपनीबाहेर होते. पुढे मे २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने न्यायालयात गुन्हे कबूल केले आणि प्रकरण मिटवण्यासाठी ५० कोटी डॉलर भरावे लागले. २०१५ साली कंपनी सन फार्मात विलीन झाली.

येथे योग्य माणसे नेमली गेली होती, हे लक्षात घ्या. परंतु जेथे सत्य सांगणारा टिकत नाही, तेथे नेमणुकीचा खरा निकष उरलेल्यांना न सांगताच कळतो.

इथ्रोने मोशेला निकष दिला होता : माणसे कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, सत्यनिष्ठ आणि अन्यायाच्या लाभाचा द्वेष करणारी असावीत (निर्गम १८:२१). या ‘लाभा’साठी इब्रीत ‘बेत्सा’ हा शब्द आहे. तोच शब्द १ शमुवेल ८:३ मध्ये पुन्हा भेटतो. एलीच्या घराचा न्याय ज्याच्या कानी पडला, त्याच शमुवेलाने वृद्धपणी आपले पुत्र न्यायाधीश नेमले आणि ते ‘बेत्सा’च्या मागे लागले. संदेष्ट्याचेही डोळे घरच्यांपुढे मंदावतात!

आपल्या मंडळीच्या कमिट्या, शाळा, रुग्णालये यांतील जागा भरताना आपण काय पाहतो? नाते, गाव, की शिफारस? कोणावर उतावळेपणाने हात ठेवू नये, हा पौलाचा बोध (१ तीमथ्य ५:२२) दीक्षेच्या दिवसापुरताच नाही. उमेदवाराने पूर्वी पैसा कसा सांभाळला, अप्रिय सत्य कधी उच्चारले काय, हे विचारावयास वेळ लागतो. तो वेळ देणे हीसुद्धा सेवाच होय.

एलीची एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे. त्याने बाळ शमुवेलाला शपथ घालून काहीही लपवू दिले नाही, आणि स्वतःविरुद्धचा निकाल मुकाट्याने ऐकला. ते फार उशिरा घडले. आपल्याला अजून वेळ आहे. आपल्या संस्थेतील सर्वांत धाकट्या सेवकाला सर्वांत थोर अधिकाऱ्यापुढे कटू सत्य निर्भयपणे सांगता येते काय? त्याचे ऐकून घेणारे कान, आणि ऐकल्यावर आवरणारे हात प्रभू आपणांस देवो. आमेन.