मागचं दार नसलेला दर्या

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढायला सगळा वाडा उतरतो. दोन्ही बाजूंचे दोर खांद्याकमरेला घेऊन माणसं पाऊल पाऊल मागे सरकतात. जाळ्याचा शेवटचा घोळ वाळूला लागेपर्यंत आत काय आहे, कुणीच सांगू शकत नाही. कधी तारली अशी सांडते की टोपल्या पुरत नाहीत. कधी नुसतं जेलीफिशचं थलथलीत ओझं. मग प्रश्न निघतो, "मासो खंय गेलो?"

त्यावर दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणतो, दर्या तापलो. दुसरा पर्ससीनकडे, म्हणजे अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांकडे, बोट दाखवतो. दोघंही खरं बोलतात, पण भांडतात असे की जणू एकाचं खरं ठरलं तर दुसऱ्याचं खोटं ठरेल.

तारलीचंच घ्या. 1980च्या दशकापर्यंत ती मुख्यतः मलबारची, म्हणजे साधारण 8 ते 14 अंश अक्षांशांमधली. पुढे उत्तरेचं पाणीही तिला मानवू लागलं आणि ती कोकण, गुजरातपर्यंत पसरली. बांगडाही पसरला, शिवाय खोल उतरून तळाच्या ट्रॉलमध्ये सापडू लागला. आपल्याला ती बरकत वाटली. तिकडे मूळ घरी, केरळात, 2012मध्ये सुमारे 4 लाख टन मिळालेली तारली 2021मध्ये 3,297 टनांवर आली. नंतर ती पुन्हा वाढली, हेही सांगायला हवं. तारली तशी जुनीच लहरी. 1940च्या दशकातही ती मलबारातून जवळपास दिसेनाशी झाली होती, आणि तेव्हा पर्ससीन नव्हते.

मग माणसाचा दोष कुठे? तारलीचं आयुष्य जेमतेम अडीच-तीन वर्षांचं. वाईट हंगाम निभावायचा तो अंडी घालणाऱ्या मोठ्या माशांच्या जोरावर. आपण पिल्लंही उपसतो आणि फिशमीलच्या कारखान्यात त्यांची कुट्टी करतो. लहरी माशाची शिल्लकच संपवली, की उष्ण पाण्याचं एखादं वर्षही त्याला जड जातं.

त्यात आपला समुद्र अडचणीचा. अटलांटिकातला आपल्या बांगड्याचा भाऊबंद थेट आइसलँडपर्यंत सरकला आणि युरोपातले देश त्याच्या वाट्यावरून भांडत बसले. तिकडे उत्तर मोकळी आहे. अरबी समुद्राला उत्तरेला गुजरात, सिंध आणि मकरानची जमीन आडवी येते. खाली जावं, तर साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू अगदीच तुटपुंजा. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ तेच कोंदट पाणी वर सरकून पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात शिरतं. बिचाऱ्या माशाने जावं कुठे?

तापमानाचं कारण पुढे करून पिल्लं मारत राहणं ही शुद्ध लबाडी आहे, असं माझं मत. पाणी थंड करणं रापणकराच्या हातात नाही, ट्रॉलरवाल्याच्याही नाही. जाळ्याचा आस मोठा ठेवणं आहे. केरळने तारलीला 10 सेंटिमीटर ही किमान लांबी ठरवून दिली. तुम्ही-आम्ही जाळं टाकत नाही, पण बाजारात पाटीपुढे वाकतो. तिथे तळहाताच्या रुंदीत मावणारी तारली दिसली, तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या मावशींना सांगा.